चमत्कारांच्या क्रूसाची टेकडी व संत जोसेफ वाझ

जुबिलीच्या वर्षी मागे वळून पाहावे, पूर्वजांचे स्मरण करावे व परमेश्वराचे उपकार मानावे, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. म्हणून अशा स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास येतो, झटलेल्या माणसांची नावे येतात, नव्याजुन्या इमारतींची चित्रे येतात. आणि ते योग्यच आहे. ह्या सर्वांच्या जोडीला एका अशा सत्पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले की, ज्याने आपले सारे आयुष्य परक्या मुलखातील पोरक्या ख्रिस्ती लोकांसाठी वेचले, आणि ज्याच्या स्वतःच्या मठाची आज केवळ पडकी भिंताडे उरली आहेत. ते सत्पुरुष म्हणजे गोमंतकाचे सुपुत्र व सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जोसेफ वाझ होत. त्यांचे चरित्र एका टेकडीवरील देवस्थानाशी जोडलेले आहे. म्हणून प्रथम त्या टेकडीची हकीकत सांगून मग चरित्राकडे वळू.

टेकडीवरील क्रूस

उंच जागी देवाला आळवावे, ही ओढ मनुष्याच्या ठायी फार पुरातन आहे. पवित्र शास्त्रात सीनाय, ताबोर व कालवारी हे डोंगर आहेत. आणि आपल्या जालना जिल्ह्यातील मनुष्यास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अंबडच्या मत्स्योदरीची टेकडी ठाऊक नाही असे होणार नाही. गोमंतकात जुने गोवे नगराच्या दक्षिण बाजूस अशीच एक टेकडी आहे. पोर्तुगीज लोक तिला बोआ व्हिस्टा, म्हणजे सुंदर देखाव्याची टेकडी, असे म्हणत. ह्या टेकडीवर कोणा भाविकाने एक साधा लाकडी क्रूस उभारला होता. इ. स. १६१९ च्या फेब्रुवारी महिन्यात ह्या क्रूसावर प्रत्यक्ष प्रभू ख्रिस्ताचे दर्शन घडले, अशी वार्ता नगरात पसरली. लोकांची रीघ लागली, नवस बोलले गेले, आजारी माणसे वर नेण्यात आली. आणि क्रूसापाशी देवालय उभे राहिले. चमत्कारांचा पवित्र क्रूस हेच नाव त्या देवालयास पडले. हा क्रूस काळाच्या ओघात आपोआप उंच झाला, अशी श्रद्धा लोकांत अद्यापि आहे.

त्या वेळी जुने गोवे हे पूर्वेकडील मोठे वैभवाचे शहर होते. खाली मोठमोठी मंदिरे, मठ व वाडे होते. वर टेकडीवर मात्र हा गरिबाचा क्रूस. पुढे साठ-सत्तर वर्षांनी शहराची भरभराट ओसरू लागली, साथीच्या रोगांनी वस्ती उठू लागली. आणि नेमक्या त्याच काळात ह्या टेकडीवरून एक असा धर्मगुरू निघाला की, ज्याच्यापाशी ना राजाचे पाठबळ होते, ना तोफा, ना पैसा.

जन्म, शिक्षण व गुरुदीक्षा

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली गावी आजोळी झाला. वडिलांचे नाव क्रिस्तोव्हांव वाझ व आईचे मारिया द मिरांदा. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घरची भाषा कोंकणी. सांकवाळास पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन शिकून ते पुढील अध्ययनासाठी राजधानीत गेले. तेथे येशूसंघीयांच्या संत पॉल विद्यालयात व नंतर संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या नावाच्या डोमिनिकन विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या ह्यांचा अभ्यास केला. इ. स. १६७६ साली गोव्याचे आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव ह्यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळताच ह्या तरुण धर्मगुरूने पायांतील जोडे काढून ठेवले. गोरगरीब अनवाणी चालतात, तर आपणही अनवाणीच चालावे असा त्यांनी निश्चय केला. प्रवचनकार व पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांची कीर्ती लवकरच झाली; परंतु त्यांनी सांकवाळास जाऊन मुलांसाठी लॅटिनची शाळा उघडली व तेथेच राहिले. ता. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या देवालयात त्यांनी एक लेख लिहून स्वतःस पवित्र मरियेच्या चरणी दास म्हणून कायमचे वाहून घेतले. पवित्र मरियेच्या दास्यत्वाचा उपदेश करणारे म्हणून पुढे जगभर गाजलेले संत लुई द मॉन्टफोर्ट त्या दिवशी फ्रान्समध्ये चार वर्षांचे बालक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ह्याच काळात त्यांच्या कानी सिंहलद्वीपाची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, करुण कहाणी आली. डच लोकांनी पोर्तुगिजांपासून इ. स. १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना घेतले होते. डच राज्यकर्ते कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंस हाकलून दिले, देवालये घेतली व धर्मगुरूस आसरा देणाऱ्यास जबर शिक्षा ठरविल्या. तेव्हापासून त्या बेटावरील हजारो कॅथॉलिक कुटुंबांस पवित्र मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, मरतेवेळी शेवटचे संस्कार नव्हते. फादर जोसेफ ह्यांनी तेथे जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी मात्र त्यांस दुसरीकडे धाडिले.

कानडा मुलखातील तीन वर्षे

इ. स. १६८१ साली त्यांची नेमणूक कानडा मुलखात, म्हणजे मंगळूर, कुंदापूर, बसरूर, होनावर ह्या किनारपट्टीवर झाली. तेथे एक अवघड पेच होता. पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तसभेवर पालकत्वाचा हक्क असे. दुसरीकडे रोमहून थेट नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो त्याच मुलखात होते. कोणाचा अधिकार खरा, कोणाच्या हातचे संस्कार खरे, ह्या वादात अडाणी लोकांची मने गोंधळून गेली होती. फादर जोसेफ हे गोव्याच्या बाजूने नेमलेले. तरी त्यांनी भांडण वाढविले नाही. बिशपांशी नम्रतेने वागून, लोकांच्या जिवाचे कल्याण हीच एक गोष्ट पुढे ठेवून त्यांनी तंटा जितका मिटेल तितका मिटविला. पडलेली देवालये पुन्हा उभारली, शाळा घातल्या, आणि गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांस द्रव्य देऊन सोडविले.

मंगळूरजवळ मुडीपू येथे एका टेकडीच्या उतारावर आज त्यांच्या नावाचे देवस्थान आहे. त्यासंबंधी तेथील लोक अशी परंपरा सांगतात की, वैऱ्यांनी आजाऱ्यास संस्कार देण्याच्या मिषाने फादर जोसेफ ह्यांस रात्री त्या टेकडीवर बोलाविले व त्यांचा घात करण्याचा बेत केला. परंतु त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली व जमिनीत काठी रोविली, तेव्हा तेथे पाण्याचे तीन झरे फुटले आणि मारेकऱ्यांचे धैर्य गळाले. आजही दूरदूरचे भाविक तेथे चढून जातात.

टेकडीवरील संघ

इ. स. १६८४ साली ते गोव्यास परतले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांत देशी मनुष्यास सहसा प्रवेश मिळत नसे. गोमंतकीय धर्मगुरू कितीही विद्वान व सदाचारी असला तरी संघाचे दार त्यास बंद. ह्यावर उपाय म्हणून पाश्कोआल द कोस्ता जेरेमियास व आणखी काही गोमंतकीय धर्मगुरूंनी एकत्र राहून प्रार्थनेचे व तपाचे जीवन चालविण्यास आरंभ केला होता. आणि त्यांस राहावयास जागा मिळाली ती बोआ व्हिस्टा टेकडीवरील चमत्कारांच्या क्रूसाच्या देवालयापाशी.

ता. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर जोसेफ ह्या मंडळीत दाखल झाले, आणि थोड्याच दिवसांत सर्वांनी त्यांस वडील म्हणून निवडिले. त्यांनी ह्या विस्कळीत मंडळीस संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर नियमाची शिस्त लाविली. मौन, ध्यान, गावोगाव प्रवचने, आजाऱ्यांची सेवा असा दिनक्रम बांधून दिला. देशी धर्मगुरूंनी आपणच उभारलेला व आपणच चालविलेला हा संघ होय. वरिष्ठपदाचा मान फादर जोसेफ ह्यांस लाभला खरा, तथापि सिंहलद्वीपातील पोरक्या लोकांची आठवण त्यांस स्वस्थ बसू देईना. इ. स. १६८६ च्या मार्च महिन्यात पद सोडून ते टेकडी उतरले. पुन्हा त्या टेकडीवर त्यांचे पाऊल पडले नाही.

लंकेत प्रवेश

त्यांच्याबरोबर जॉन नावाचा एक तरुण सेवक होता. कानडा मुलूख ओलांडून, मलबार किनाऱ्याने पायी प्रवास करीत हे दोघे इ. स. १६८७ साली तुतिकोरीन बंदरात पोहोचले. धर्मगुरूच्या वेषात लंकेत शिरणे अशक्य होते. म्हणून फादर जोसेफ ह्यांनी झगा काढून ठेवला, कमरेला मजुराचे फडके गुंडाळिले, आणि हमालांच्या घोळक्यात मिसळून ते गलबतावर चढले. मिस्सेचे सामान गाठोड्यात लपविलेले. ब्राह्मण कुळात जन्मलेला, लॅटिन शिकविणारा, आपल्या संघाचा वडील असलेला हा मनुष्य ओझेवाल्या मजुराच्या रूपाने आपल्या कार्यक्षेत्रात पाऊल टाकितो, ही गोष्ट वाचकांनी मनात साठवून ठेवावी.

समुद्रात वादळ झाले, गलबत भरकटले, अन्नपाण्याचे हाल झाले. कसेबसे ते जाफन्यास लागले तो फादर जोसेफ ह्यांस हगवणीने गाठले. दोघांना कोणी ओळखीचे नव्हते. संसर्गाच्या भयाने त्यांस वस्तीबाहेर पडून राहावे लागले. काही दयाळू बायांनी कांजी आणून दिली म्हणून जीव वाचले. बरे वाटू लागताच फादर जोसेफ भिक्षेकऱ्यासारखे दारोदार हिंडू लागले. गळ्यात त्यांनी मुद्दाम जपमाळ घातलेली असे. जपमाळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख चमकते का, हे ते न्याहाळीत. धोका मोठा होता; कारण तीच खूण डच शिपायांच्याही नजरेस पडू शकत होती. अखेर एका घरच्या माणसांनी ती खूण ओळखिली, आणि हळूहळू विश्वास बसल्यावर हा भिकारी म्हणजे धर्मगुरू आहे, हे त्यांस कळले.

जवळजवळ तीस वर्षे त्या लोकांनी धर्मगुरू पाहिला नव्हता. मग श्रद्धा टिकली कशी? ती टिकविली घरच्या वडीलधाऱ्यांनी. त्यांनी बालकांस स्नानसंस्कार दिला, मुलांस प्रार्थना शिकविल्या, पवित्र मूर्ती पेट्यांत दडवून ठेविल्या, व रात्री दारे लावून जपमाळ म्हटली. फादर जोसेफ ह्यांस सिल्लालै ह्या कॅथॉलिक गावी आसरा मिळाला. दिवसा लपून राहावे, अंधार पडल्यावर निघावे, मध्यरात्री कोणाच्या तरी घरात पापनिवेदने ऐकावी, पहाट होण्यापूर्वी मिस्सा अर्पावी आणि उजाडण्याच्या आत दुसऱ्या गावी जावे, असा त्यांचा क्रम होता. तमिळ भाषा ते शिकले. दोन वर्षांत त्या मुलखातील मरगळलेली ख्रिस्तसभा पुन्हा सजीव झाली.

ही गोष्ट डच अधिकाऱ्यांच्या कानी गेल्यावाचून राहिली नाही. इ. स. १६८९ च्या नाताळच्या रात्री जाफन्यात जमलेल्या कॅथॉलिक लोकांवर शिपायांनी छापा घातला. शेकडो लोक पकडले गेले. कित्येकांना मारहाण, दंड व बंदिवास सोसावा लागला, आणि डॉन पेद्रो नावाच्या एका श्रद्धावंताने छळात प्राण सोडिला. परंतु फादर जोसेफ त्यांच्या हाती लागले नाहीत. आपल्यामुळे लोकांचा छळ वाढू नये म्हणून ते तेथून निघून पुत्तळमकडे गेले. तो प्रदेश डचांचा नसून कँडीच्या बौद्ध राजाचा होता.

कँडीची डोंगरी राजधानी

इ. स. १६९२ साली ते डोंगरांच्या कुशीत वसलेल्या कँडी नगरीत आले. डोंगर चढून आलेल्या ह्या पाहुण्याचे स्वागत तुरुंगाने झाले. एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने हा मनुष्य पोर्तुगिजांचा हेर आहे, असे राजा विमलधर्मसूर्य दुसरा ह्याच्या मनात भरवून दिले होते. फादर जोसेफ ह्यांनी कुरकुर केली नाही. बंदिवासातच ते सिंहली भाषा शिकले. पळून जाण्याचा विचार ह्याच्या मनात नाही, हे ध्यानी येताच पहारेकरी सैल झाले. मग त्यांनी आवारात एक झोपडी उभारून तिचेच देवालय केले, आणि आसपासचे कॅथॉलिक लोक गुपचूप मिस्सेला येऊ लागले.

पुढे एकदा राज्यात मोठे अवर्षण पडले. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी भोगिला, किंवा २०१२-१३ साली ज्यांनी आपल्या गावात टँकरची वाट पाहिली, अशा आपल्या जिल्ह्यातील माणसांस अवर्षण म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. राजाने आपल्या धर्माच्या भिक्षूंकडून प्रार्थना करविल्या. पाऊस आला नाही. अखेर त्याने ह्या कैद्यास बोलाविले. फादर जोसेफ ह्यांनी नगराच्या चौकात वेदी मांडिली, क्रूस उभारिला, आणि गुडघे टेकून देवास आळविले. तेव्हा धो धो पाऊस लोटला, आणि भोवती सर्व भिजत असता वेदी व प्रार्थना करणारा धर्मगुरू कोरडेच राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्यानंतर राजाने त्यांस आपल्या राज्यात मोकळेपणे हिंडण्याची व धर्मोपदेश करण्याची परवानगी दिली. बौद्ध राजाच्या आश्रयाखाली कॅथॉलिक धर्मगुरू सुरक्षित, आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या डचांच्या मुलखात मात्र त्याच्या जिवावर संकट, असा हा विलक्षण योग होता. तरीही वेष पालटून ते डचांच्या अमलातील कोलंबोपर्यंत जाऊन तेथील लोकांस संस्कार देऊन आले.

इ. स. १६९७ च्या सुमारास गोव्याच्या टेकडीवरील संघातून त्यांच्या मदतीस धर्मगुरू येऊ लागले. त्यांत त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो हेही होते. त्याच वर्षी कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा व दरबारी नगर सोडून गेले. घरच्या माणसांनी आजाऱ्यांस रानात नेऊन टाकिले. अशा वेळी मामा-भाचे त्या रोग्यांत शिरले. त्यांनी झोपड्या बांधिल्या, ओस घरांत रुग्ण ठेविले, त्यांच्या जखमा धुतल्या, कांजी पाजिली, आणि मेलेल्यांस आपल्या हातांनी माती दिली. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हे त्यांनी विचारिले नाही. साथ ओसरल्यावर राजाने आदराने त्यांची कृतज्ञता व्यक्त केली. आणि जे प्रवचनांनी झाले नसते ते ह्या सेवेने झाले.

अखेरची वर्षे

फादर जोसेफ ह्यांनी सिंहली व तमिळ भाषांत प्रश्नोत्तरे व प्रार्थना रचिल्या. इ. स. १७०५ साली फादर जाकोम गोन्साल्व्हिस गोव्याहून आले. त्यांनी पुढे त्या दोन्ही भाषांत इतके विपुल लेखन केले की, सिंहली कॅथॉलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. लोकांच्या भाषेत धर्म बोलला पाहिजे, हा धडा ह्या मंडळींनी तीनशे वर्षांपूर्वी गिरविला.

परमगुरुस्वामींचे प्रतिनिधी तूर्नों ह्यांनी फादर जोसेफ ह्यांस बिशपपदाच्या योग्यतेचे मानून तो अधिकार देऊ केला. त्यांनी तो नम्रपणे नाकारिला. प्रत्येक गावी जाता येणे शक्य नसल्याने त्यांनी गावोगावी विश्वासू वडीलधारी माणसे व धर्मशिक्षक नेमिले, आणि रविवारची प्रार्थना, मुलांचे शिक्षण व मरणोन्मुखांची सेवा त्यांच्याकडे सोपविली. ते आले तेव्हा साऱ्या बेटावर एकही कॅथॉलिक धर्मगुरू नव्हता. त्यांच्या अखेरीस कॅथॉलिकांची संख्या सुमारे ७०,००० होती, अशी गणना चरित्रकारांनी दिली आहे.

चोवीस वर्षांच्या कष्टांनी झिजलेले त्यांचे शरीर अखेर थकले. ता. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. ते साठीही गाठू शकले नव्हते. त्यांना तेथेच पुरण्यात आले. परंतु पुढील धामधुमीत ते देवालय नाहीसे झाले आणि आज त्यांच्या कबरेची जागाही कोणास दाखविता येत नाही. ता. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी कोलंबो येथे त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि ता. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोच्या समुद्रकिनारी लक्षावधी लोकांसमक्ष त्यांस संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीस येतो.

टेकडीची यात्रा

दर दहा वर्षांनी होणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी २०२४-२५ च्या हिवाळ्यात लक्षावधी भाविक जुने गोव्यास गेले. आपल्यापैकीही कित्येक गेले असतील. कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकावर उतरले म्हणजे जुने गोवे जवळच आहे. बहुतेक यात्रिक बॉम जेझूची बासिलिका व समोरचे सी कॅथेड्रल पाहून परततात. ह्या कॅथेड्रलमध्येच चमत्कारांच्या क्रूसाचे एक उपासनालय आहे. टेकडीवरील तो प्राचीन क्रूस आता तेथे ठेविलेला आहे. त्यापुढे गुडघे टेकताना, फादर जोसेफ ह्यांनीही ह्याच क्रूसापुढे प्रार्थना केली होती, हे लक्षात आणावे.

नंतर ज्याला सवड व पायांत बळ आहे त्याने टेकडीवर अवश्य जावे. मात्र तेथे घंटा, दुकाने वा मेणबत्त्यांच्या रांगा असतील अशी अपेक्षा धरू नये. इ. स. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील पुरुषांचे धर्मसंघ मोडून टाकिले. ओरेटरीचा संघही मोडला, मठ ओस पडला, आणि पावसाळ्यांनी बाकीचे काम केले. आज तेथे देवालयाच्या जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती व त्यांवर माजलेले रान एवढेच दिसते. कोणी आपणांस ही जागा दाखविली तर ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न प्रथम मनात येईल. परंतु थोडा वेळ तेथे शांत उभे राहावे. ह्या भिंतींच्या आतून जवळजवळ दीडशे वर्षे, एकामागून एक, गोमंतकीय धर्मगुरू लंकेस गेले. त्यांतील पुष्कळ परत आले नाहीत. त्यांनी राखिलेली ख्रिस्तसभा आज श्रीलंकेत लाखोंनी नांदत आहे. पाठविणारे घर पडले. ज्यांच्याकडे पाठविले ते उभे आहेत.

आपणांस बोध

वाचकहो, आपल्या भागात श्रद्धेचे बी पेरणारे धर्मगुरूही दुसऱ्या कोठून तरी पाठविलेलेच होते. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातून आलेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाच्या संघाच्या धर्मगुरूंनी औरंगाबादेच्या आसपासच्या खेड्यांत ऊन, धूळ व उपास सोसून काम केले. त्यांच्या श्रमांवरच पुढे १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत उभा राहिला आणि आपला जालना जिल्हा त्यात आला. त्यांच्या गावचे लोक कधी तरी आपल्यासारखेच जुबिली साजरी करीत बसले असतील. त्यांनी केवळ आपल्या देवालयाच्या भिंतींचाच विचार केला असता तर आपणांस शुभवर्तमान कोणी सांगितले असते?

म्हणून ह्या महोत्सवात आपण काय बांधले ह्याच्या हिशेबाबरोबर, आपण कोणास पाठविले, हाही हिशेब मांडावा. आपल्या धर्मग्रामातून किती मुले सेमिनरीत गेली, किती मुली धर्मभगिनी झाल्या? ज्या घरात तीन-चार मुले आहेत त्या घरात एक देवास देण्याचा विचार तरी होतो का? आणि हे केवळ दीक्षा घेणाऱ्यांपुरतेच नाही. जॉन हा सेवक धर्मगुरू नव्हता. त्याचे आडनावही सर्वसामान्य वाचकांस ठाऊक नाही. परंतु तो नसता तर जाफन्याच्या त्या रस्त्याकडेला फादर जोसेफ ह्यांस पाणी कोणी दिले असते? आपल्या खेड्यांतील मास्तर, जपमाळ सांगणाऱ्या आजीबाई, आजाऱ्याच्या घरी फादरांस वाट दाखविणारा तरुण, हे सर्व ह्या जॉनचेच भाऊबंद होत.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे दिवाळी झाली म्हणजे ऊसतोडीस पश्चिमेकडील कारखान्यांवर जातात. पाच-सहा महिने मिस्सा नाही, मुलांस धर्मशिक्षण नाही, पालापुढे फक्त उसाचा फड. त्यांनी सिल्लालैच्या त्या घरांची आठवण ठेवावी. धर्मगुरू नसता तीस वर्षे जे टिकले, ते पाच महिने आपल्याच्याने का टिकू नये? रात्री चूल विझल्यावर आईने मुलांस जवळ घेऊन एक दशक जरी म्हटले तरी ते पाल देवालय होते. आणि आम्हां धर्मगुरूंनी फादर जोसेफ ह्यांची आठवण ठेवावी. मजुरांकडे जावयाचे असेल तर मजुरांच्या वाटेनेच, ओझे खांद्यावर घेऊन, गेले पाहिजे. लोक परत गावी येईपर्यंत देवालयात बसून वाट पाहणे हे त्या संताच्या मार्गाचे अनुकरण नव्हे. येत्या हंगामात आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षकांनी व तरुणांनी पाळीपाळीने फडांवर जाऊन आपल्या माणसांची भेट घ्यावी व त्यांस मिस्सेचा लाभ व्हावा अशी व्यवस्था करावी. जुबिलीचे ह्याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.

पवित्र मरियेचा दास संत जोसेफ वाझ आपल्या धर्मग्रामासाठी, रानोमाळ विखुरलेल्या आपल्या कुटुंबांसाठी व आपल्यातून पाठविल्या जाणाऱ्या मुलामुलींसाठी परमेश्वराजवळ विनंती करोत. आमेन.